आत्याच्या स्कूटरमधल्या सुधारणा

ती. आत्यास,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. काकांनाही नमस्कार, पण जरा कमी वाकून (पाठीत उसण भरली आहे, तिचं कारण पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कट्‌कन वाजतो का, की डॉक्टरांनी दिलेलं तेल तू खरोखर लावतेस? काकांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, गच्चीवर उघड्या डोक्याने पेपर वाचणं बंद करा. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे आणि आई पाठीमागे उभी राहून तेवढंच लिहून पाकीट बंद कर म्हणते आहे. पण शिकलेल्या माणसाने निदान पत्रात तरी खरं लिहावं असं तूच मला सांगितलं होतंस. तर खरं असं, की आम्ही मजेत नाही, त्याला कारण मी आहे, आणि विषय स्कूटरचा आहे. उभी असशील तर आधी खाली बस.

तू स्कूटर बाबांच्या हवाली केलीस तेव्हा मी शाळेत होते, पण तो प्रसंग मला स्वच्छ आठवतो. किल्ली पुढे केलीस, बाबांनी हात पुढे केल्यावर परत मागे घेतलीस, आणि म्हणालीस की कंपनीतून आली तेव्हापासून हिच्या एका स्क्रूला मी कुणाला हात लावू दिलेला नाही, तूही लावायचा नाहीस. बाबांनी मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मागच्या चाकाशेजारी लोखंडी चौकट बसवून तिच्यावर धार लावायचा दगड चढवला. स्कूटर स्टँडवर उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, मागचं चाक हवेत फिरतं, त्यावरचा पट्टा दगड फिरवतो आणि बाबा चाकू, सुऱ्या, कात्र्या त्यावर धरतात. तू पुढच्या भेटीत तो दगड पाहिलास आणि काहीच बोलली नाहीस. मी एकदा बाबांना विचारलं होतं की हा बदल नाही का? ते म्हणाले, "हा कसला बदल? हा धंदा आहे." त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण तेव्हा मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि दुसऱ्या वर्षाला माणसाला गप्प बसणं हा भित्रेपणा वाटतो.

आता मूळ मुद्दा. मला नोकरी लागली हे तुला कळलंच आहे (तू पाठवलेली साडी नेसूनच मी पहिल्या दिवशी गेले). आमची संस्था शहरातला गोंगाट मोजते आणि तो कमी व्हावा म्हणून लोकांना समजावते. चौकाचौकांत उभं राहायचं, हातातल्या यंत्रात आकडा बघायचा, तो लिहून घ्यायचा. काम साधं आहे, पण मला ते फार मोलाचं वाटतं. आपल्या घरात कामावरून येताना सगळ्यांचे हात काळे होऊन येतात, माझे स्वच्छ राहतात याची मला थोडी लाज वाटते आणि थोडा अभिमान. तर पहिल्याच दिवशी बाबा हौसेने मला स्कूटरवरून सोडायला आले. आमचे साहेब फाटकापाशी नवीन यंत्र तपासत उभे होते. बाबांनी वळण घेतलं मात्र, यंत्रातला काटा जो टोकाला जाऊन बसला तो बाबा निघून गेल्यावरसुद्धा खाली यायला तयार नव्हता. साहेब सज्जन आहेत. ते एवढंच म्हणाले, "यंत्र चालतंय म्हणायचं." सगळे हसले. मीही हसले. आत्या, मी नुसती हसून थांबले असते तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

घरी आल्यावर मी जेवणं होईपर्यंत दम धरला आणि मग बोलले. वस्तू माणसासाठी असते, माणूस वस्तूसाठी नसतो. एखादी गोष्ट कंपनीतून आली तशीच राहायला हवी हा आंधळा विश्वास आहे. आपल्या एका स्कूटरपायी गल्लीतली तान्ही मुलं दचकून उठतात. आणि बाबांच्या कानांचं काय, दिवसभर त्या आवाजाशेजारी वाकून बसायचं म्हणजे? सगळे मुद्दे खरे होते. आजही खरेच आहेत, हेच तर वाईट आहे. आई म्हणाली, "फाटकापाशी कोण हसलं?" (आईला हे कसं कळतं?) बाबा मात्र मन लावून ऐकत होते. मी शाळेत भाषण पाठ करून दाखवायचे तेव्हा ऐकायचे तसं, ओठ किंचित हलवत. शेवटी म्हणाले, "तुला बरं वाटतंय ना? मग कर." मी समजले की मुद्दे पटले.

गॅरेजवाला तुला आठवत असेल, ज्याच्या तोंडून "नाही" हा शब्द कधी निघत नाही. मी म्हटलं आवाज कमी करायचा आहे, तो म्हणाला, "करू की." मी म्हटलं, नवीन प्रकारचा शांत सायलेन्सर मिळतो म्हणे. "बसवू की." सीट पातळ झाली आहे. "गुबगुबीत करू की." मग तोच म्हणाला की एवढं सगळं नवीन आणि रंग असा मेलेला, बरं दिसेल का? म्हणून पांढरा रंग. पांढऱ्याला जुने आरसे शोभेनात, म्हणून गोल आरसे. बाबांच्या डोक्यावरची ती मळकी टोपी पांढऱ्या स्कूटरला शोभेना, म्हणून हेल्मेट (ते सुरक्षेसाठीसुद्धा होतं, पण खरं लिहायचं ठरलंय). या सगळ्यात माझा पहिला पगार गेला, त्याचं मला काही वाटलं नाही. आपण काहीतरी चांगलं करतो आहोत असं मनापासून वाटत होतं. एकच गोष्ट तेव्हाही खटकली. गुबगुबीत सीट इतकी उंच झाली की बाबांचे पाय जमिनीला जेमतेम टेकायला लागले, आणि मागे बसणाऱ्याची पाठ प्रत्येक खड्ड्यात वेगळ्या दिशेला जायला लागली. माझी उसण ती हीच.

स्कूटर घरी आणली त्या दिवशी बाबांनी किक मारली, कान दिला, परत मारली, परत कान दिला, आणि म्हणाले बंद पडलीय. ती पहिल्या किकलाच सुरू झालेली होती. आम्ही दोघं खूप हसलो. शेजारच्या आजीबाई दारात येऊन म्हणाल्या की मुलगी शिकली की घरात शांतता येते. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते ऑफिसात जाऊन सांगितलं.

त्यानंतर बाबा लवकर घरी यायला लागले. आधी मला वाटलं, स्कूटर चांगली झाली म्हणून काम झटपट होतंय. मग दगडाकडे लक्ष गेलं. धार लावताना दगडावर पाणी सोडतात, त्यामुळे रोज संध्याकाळी चौकट राखाडी चिखलाने माखलेली असायची आणि आई ती बाहेरच धुवायला लावायची. आता चौकट सकाळी जशी जायची तशी कोरडी परत यायची. विचारलं तर बाबा म्हणायचे, "आज कुणी नव्हतं." रोज कुणी नव्हतं! मी त्यांना समजावलं की ही जगभराची अडचण आहे, स्वस्त चाकू आले, लोक बोथट झाला की फेकतात, दुरुस्त करून वापरण्याची वृत्तीच संपत चालली आहे. बाबा म्हणाले, "माझ्यापासूनच संपायची होती होय." ते चिडून नाही म्हणाले. खरंच विचारल्यासारखं म्हणाले. रात्री ते आपल्याच घरातल्या विळ्या-सुऱ्या काढून धार लावत बसायला लागले. आईने दोनदा बोट कापून घेतल्यावर तेही बंद झालं.

बाबा ओरडत नाहीत हे तुला मी सांगायला नको. भाजीवाला ओरडतो, भंगारवाला ओरडतो, पण बाबांना लहानपणापासून चारचौघांत आवाज काढायचा म्हटलं की घाम फुटतो. त्यामुळे मी विचार केला (हा माझा विचार, बाबांचा नाही) की आपण एक छोटा लाउडस्पीकर बसवू आणि त्यात माझ्या आवाजातलं निवेदन लावू. हो, गोंगाट कमी करणाऱ्या संस्थेत काम करून मी स्कूटरवर लाउडस्पीकर बसवला, हसून घे. आवाज मर्यादेत ठेवला होता. निवेदनावर मी तीन संध्याकाळी मेहनत घेतली: "नागरिकांनो नमस्कार. आपल्या घरातील चाकू, सुऱ्या, कात्र्या व तत्सम साधने निरुपयोगी समजून टाकून देऊ नयेत. ही सेवा आपल्या परिसरात थोड्याच वेळासाठी उपलब्ध आहे, तरी सर्वांनी त्वरित लाभ घ्यावा."

पहिल्या दिवशी बाबा आले ते चेहरा उजळलेला.

"अख्खी गल्ली बाहेर आली," म्हणाले.

"बघा! मग किती काम झालं?"

"काम नाही. पाणी भरायला आली. त्यांना वाटलं, नळ बंद होणार म्हणून सांगायला गाडी आलीय. वरच्या मजल्यावरच्यांनी बादल्या भरून ठेवल्या. एकाने तर मला विचारलं, परत कधी येणार पाणी."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"संध्याकाळी येईल म्हटलं. आता एवढ्या आशेने विचारलंन त्याने."

आई पदराने तोंड झाकून आत गेली. मीही हसले, पण बाबांचा तो उजळलेला चेहरा माझ्या डोक्यातून जाईना. माणसं बाहेर आली म्हणून ते खूश होते, आत्या. कशासाठी का आली असेनात.

शेवटी लाउडस्पीकर काढून टाकला आणि सुट्टीच्या दिवशी मी स्वतःच त्यांच्या मागे बसून गेले. एका चाळवजा इमारतीत वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. बाबांचं हे सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. त्यांची पद्धत अशी की खाली स्कूटरचा आवाज आला की त्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडतात, टोपलीत कात्री असते. बाबा धार लावतात, टोपली वर जाते, थोड्या वेळाने पैसे घालून परत खाली येते. इतकी वर्षं हे असंच चाललंय, पण समोरासमोर भेट एकदाही झालेली नाही. बाईंना बाबा म्हणजे वरून दिसणारी मळकी टोपी, आणि बाबांना बाई म्हणजे एक हात आणि दोरी. आम्ही खिडकीखाली जाऊन उभे राहिलो. टोपली काही येईना. मी बाबांना कोपराने ढोसलं. ते वर बघून इतक्या हळू "धार" म्हणाले की मलाच जेमतेम ऐकू आलं. म्हणून मग मीच हाक मारली.

बाई खिडकीत आल्या. खाली पांढरी स्कूटर, तिच्यावर हेल्मेट घातलेला माणूस, शेजारी मी.

"काय पाहिजे?"

"कात्रीला धार लावायचीय का?" मी विचारलं.

"नको बाई. आमचा ठरलेला माणूस आहे."

बाबांनी हेल्मेटच्या आतून विचारलं, "कोण?" (स्वतःच्या तोंडाने, आत्या.)

"आहे एक. फटफट करत येतो, दोन गल्ल्या पलीकडून कळतं. बऱ्याच दिवसांत फिरकला नाही. आजारी असेल बिचारा. तुम्ही एकाच धंद्यातले, तुम्हाला दिसला तर निरोप द्याल? कात्री पार बोथट झालीय म्हणावं. कापड कापत नाही, चावतेय नुसती. पण दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही मला. त्याचा हात वेगळा आहे."

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला. "सांगतो," म्हणाले, आणि किक मारून निघाले. गल्लीबाहेर आल्यावर मी म्हटलं, बाबा, अहो सांगायचं ना, मीच तो म्हणून! तर म्हणाले, "एवढं चांगलं बोलत होती. मध्येच मीच तो म्हटलं असतं तर तिलाच ओशाळल्यासारखं झालं असतं." थोडं पुढे गेल्यावर स्कूटर थांबवून, हेल्मेट काढून मागे वळून म्हणाले, "त्याचा हात वेगळा आहे म्हणाली, ऐकलंस ना?" ऐकलं होतं. त्या दिवशी मला सगळंच ऐकू आलं. लोकांना धार नको होती असं नव्हतंच. ते आपल्या घरात, हातात बोथट सुरी घेऊन, बाबांची वाट बघत बसले होते, आणि बाबा त्यांच्या खिडकीखालून माझ्या सुधारणांवर बसून गुपचूप निघून जात होते.

मी तशीच गॅरेजात गेले. म्हटलं, जुना सायलेन्सर परत बसवा. तो पहिल्यांदाच थोडा थांबून म्हणाला, "बसवला असता की." म्हणजे भंगारात गेला होता. मग मी अस्सल कंपनीचा सायलेन्सर शोधून आणला. बसवला, किक मारली, तर स्कूटर मांजरीसारखी गुरगुरली. मी म्हटलं हा नकली आहे. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, कंपनीची अशीच असते. तुमच्या जुन्याला खालून हे एवढं भोक होतं ना, चेपून फाटल्यासारखं. आवाज त्याचा." मी शेजारी उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं. बाबा स्पॅनर न्याहाळत होते. बराच वेळ न्याहाळत होते.

आत्या, आता हे कसं लिहू? बाबांनी घरी येऊन, आई बाहेर गेल्यावर सांगितलं. तू स्कूटर नवी शिकत असताना आपल्या याच घराच्या दारातल्या पायरीवरून मागे उतरवायला गेलीस, आणि ती सायलेन्सरवर आपटली. बाबा तेव्हा तिथेच होते. कुणाला सांगू नकोस म्हणालीस, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे ज्या स्कूटरच्या एका स्क्रूला कुणी हात लावला नव्हता, तिच्यातला पहिला आणि सगळ्यांत मोठा बदल तूच केला होतास. मी तुला टोमणा मारत नाही. उलट माझ्यापेक्षा तुझा बदल कितीतरी चांगला होता. तुझ्या एका धडकेवर आमचं घर इतकी वर्षं चाललं, माझी पदवी झाली. आणि मी विचार करून, मुद्दे मांडून, पगार घालून जे केलं त्याने ते बंद पडलं.

मी चूक केली असं लिहिलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. मला गोंगाट कमी करायचा होता हे खरं, पण बाबांना फाटकापाशी बघून माझी मान खाली गेली होती हेही खरं, आणि त्यातलं कुठलं आधीचं हे मला आता नक्की सांगता येत नाही. बाबांना मी ते सांगायला गेले तर म्हणाले, "स्कूटर दिसते छान." बाकी तब्येतीला जप. काकांना टोपी घालायला सांग.

तुझी,
भाची

ता. क. आता जे मागायचं होतं ते. गॅरेजवाल्याने नव्या सायलेन्सरला ड्रिलने भोक पाडून दिलं ("पाडू की"), तर स्कूटर उकळत्या किटलीसारखी शिट्टी मारत धावली आणि गल्लीतली सगळी कुत्री मागे लागली. ते बुजवलं. बाबांचं म्हणणं आहे की नुसतं भोक पुरत नाही, आधी ते तसं चेपायला हवं, आणि तो कोन तुझाच होता. मी आपटू का विचारलं तर स्कूटरच्या आडवे उभे राहिले. माझ्या हातावर आता त्यांचा भरवसा नाही, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा गुडघा जरा बरा असेल तर चार दिवस ये आणि स्कूटर पुन्हा एकदा त्याच पायरीवरून मागे उतरव. येण्याजाण्याची सोय मी करते.

ता. क. दुसरा. भोकाची गोष्ट मी तुला लिहिली हे बाबांना माहीत नाही. त्यांनी तुला शब्द दिला होता. तू सहज भेटायला आलीस आणि सहज मागे आपटलीस असं दाखव. आईला मी काही बोललेले नाही, पण ती पायरी घासून ठेवते आहे, म्हणजे तिला कळलंय.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते उघडून लिहिते आहे. आज बाबा त्या शिवणकामवाल्या बाईंच्या खिडकीखालून जात होते. बाईंनीच हाक मारली. लग्नाचे कपडे द्यायचेत, थांबता येत नाही, तोवर तुम्हीच धार लावा, पण आमच्या माणसाला कळू देऊ नका, असं म्हणून त्यांनी टोपली सोडली. बाबा घरी आले ते फुरंगटूनच. म्हणाले, "इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, आणि दिली शेवटी परक्याच्या हातात." आई म्हणाली, "अहो, तो परका तुम्हीच ना?" तर म्हणाले, "तिला कुठे माहीत होतं?" मग जेवताना मान वर न करता त्यांनी मला सांगितलं की त्यांनी कात्रीला मुद्दाम थोडी कच्ची धार लावली. नव्याची लावलेली टिकत नाही, आपला जुनाच बरा, असं तिला वाटावं म्हणून. आत्या, बाबांनी असं याआधी कुणाच्याच कात्रीला केलेलं नाही. ताटातलं तसंच टाकून ते उठले. तू लवकर ये. ती धार आठवडाभरही टिकायची नाही.